परात मावते का, हे आधी बघा

जुन्या वळणाचं स्वयंपाकघर करायचं ठरलं, की कडप्प्याचा ओटा, लाकडी फडताळ, पितळी डब्यांची मांडणी यांवर घरात आठवडेच्या आठवडे खल होतो. सिंक आणि नळाची पाळी येते शेवटी, पैसे संपत आलेले असताना, आणि मग निर्णय फोटो बघून होतो. खरं तर त्या खोलीत सर्वांत जास्त राबतात त्या याच दोन वस्तू. त्या दिसतात कशा, याच्या आधी आपली भांडी कोणती, आपलं पाणी कसलं आणि ते किती जोराने येतं, हे बघायला हवं असं मला ठामपणे वाटतं. आजूबाजूला ऐकू येणारे बहुतेक गैरसमज हे तीन प्रश्न न विचारल्यामुळेच टिकून आहेत.

‘पांढरं चिनीमातीचं सिंक म्हणजेच पारंपरिक’

पुढची कड ओट्याबाहेर काढलेलं, पांढरंशुभ्र, जाडजूड सिंक अलीकडे ‘पारंपरिक’ या नावाखाली विकलं जातं. ती परंपरा इंग्लंड-आयर्लंडकडची. तिकडे त्याला बेलफास्ट सिंक म्हणतात. आपल्याकडे होती मोरी: कोपऱ्यातली, बुटक्या कठड्याची, शहाबादी फरशीची, बसून भांडी घासायची. पाणी हंड्या-कळशांतून घ्यायचं. मुंबईला विहार तलावाचं पाणी नळाने मिळू लागलं ते १८६० मध्ये. गावोगावी नळ पोचायला त्यानंतर कितीतरी दशकं गेली. उभ्याने भांडी घासायचं सिंक हीच आपल्याकडे नवी गोष्ट आहे. त्यामुळे स्टीलचं सिंक बसवलं तर घराचं जुनेपण बिघडेल, ही भीती मनातून काढून टाका.

भाजलेल्या मातीचं सिंक वाईट नसतं. साधारण १२०० अंशांवर भाजल्यामुळे ते घट्ट असतं, डाग धरत नाही. पण ते कठीण आहे, लवचीक नाही. बिडाचा तवा किंवा लोखंडी खलबत्ता हातातून निसटला, तर सिंकचा टवका उडतो. पितळी पातेलं पडलं तर त्याला पोचा येतो. शिवाय वजन भरपूर, म्हणून खाली वेगळा आधार बांधावा लागतो. घरात जड भांडी रोज वापरात असतील, तर मी हे सिंक सुचवणार नाही.

मोरीकडून घ्यायचा खरा गुण म्हणजे ऐसपैसपणा. दुकानात २४ बाय १८ इंच असं सांगतात, ते माप बहुधा बाहेरच्या कडेचं असतं. आतली जागा दोन-दोन इंचांनी कमी भरते. १८ इंची परात त्यात आडवी बसत नाही, तिरकी उभी करून घासावी लागते. दोन भागांच्या सिंकमध्ये तर प्रत्येक भाग आणखी लहान होतो. एक भाग धुण्याला, एक विसळायला ही कल्पना छान वाटते. पण कणकेची परात, मोठी कढई, पाच लिटरचा कुकर असलेल्या घरात एकच मोठा भाग आणि शेजारी निथळायला उतरती जागा, हीच मांडणी चालते. दुकानात जाताना परातीचं माप घेऊन जा. शक्य असेल तर परातच न्या.

‘जितकं खोल तितकं चांगलं’

कंबरेला विचारा. ओटा ३३ इंच उंच आणि सिंक १० इंच खोल असेल, तर तळ जमिनीपासून २३ इंचांवर येतो. पाच फूट उंचीच्या बाईला तिथवर हात पोचवायला रोज वाकावं लागतं. आठ इंच खोली पुरते. उथळ सिंकमधून पाणी उडतं म्हणाल, तर ते उडतं बऱ्याचदा नळाचं तोंड फार उंच असल्यामुळे किंवा धार सिंकच्या मध्यावर पडत नसल्यामुळे.

‘चुंबक चिकटलं नाही, म्हणजे स्टील अस्सल’

हा समज विक्रेतेही मनापासून सांगतात. चांगल्या सिंकसाठी वापरतात ते ३०४ प्रतीचं स्टील, ज्यात साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. स्वस्त २०२ प्रतीत बरंचसं निकेल काढून मँगनीज घातलेलं असतं, आणि तेही चुंबकाला चिकटत नाही. उलट ३०४ चा पत्रा खोल दाबून वळवला, की कोपऱ्यांत त्याला थोडं चुंबकत्व येऊ शकतं. म्हणजे चुंबकाने या दोन्हींतला फरक कळतच नाही. प्रत बिलावर लिहून घ्या. गेजचा आकडाही उलटा वाचायचा असतो: १६ गेजचा पत्रा १८ पेक्षा जाड.

आणि स्टील गंजत नाही, हेही अर्धसत्य. त्यावर क्रोमियम ऑक्साइडचा अतिशय पातळ थर असतो, तोच त्याला वाचवतो. क्लोराइड त्या थराला भोकं पाडतं. मीठ लावलेली मासळी, ब्लीच, खाऱ्या बोअरचं पाणी रात्रभर साचू दिलं, की तपकिरी ठिपके येतात. सिंकखाली संडास धुवायच्या ॲसिडची बाटली ठेवली, तर तिची वाफसुद्धा पुरते. कोकणात, गोव्यात, समुद्र जवळ असेल तर ३१६ प्रतीसाठी जास्तीचे पैसे मोजणं मला योग्य वाटतं. त्यात मॉलिब्डेनम असल्याने खारी हवा ती अधिक सोसते.

स्टीलऐवजी मिळणारं काळं ग्रॅनाइट सिंकही दगडातून कोरलेलं नसतं. क्वार्ट्झचा चुरा आणि रेझिन मिळून ते घडवलेलं असतं. उकळतं पाणी ते सहन करतं. चुलीवरून उतरवलेली कोरडी, तापलेली लोखंडी कढई त्यात ठेवू नये.

‘पितळी नळ म्हणजे शुद्ध पाणी’

तांब्या-पितळेवर आपला जीव आहे, माझाही आहे. तरीही नळाचं पितळ आणि तांब्याच्या घागरीचं तांबं एक नव्हे. पितळ तांबं आणि जस्ताचं, आणि ते कापायला-कोरायला सोपं जावं म्हणून त्यात पूर्वीपासून दोन-तीन टक्के शिसं मिसळत आले आहेत. अमेरिकेत २०१४ पासून पिण्याच्या पाण्याला लागणाऱ्या भागांत ते सरासरी ०.२५ टक्क्याच्या वर चालत नाही. आपल्याकडे नळ घेताना ‘शिसं कमी आहे का’ हा प्रश्न विचारलाच पाहिजे. रात्रभर नळात थांबलेलं पहिलं पाणी झाडांना घाला, स्वयंपाकाला नको. आणि पितळी रंगाचे पुष्कळ नळ नुसते मुलाम्याचे किंवा लाखेचा थर दिलेले असतात. चिंच-मिठाने घासले, की थर निघतो आणि नळ चट्ट्यापट्ट्यांचा होतो.

‘महाग नळाला धार जोरदार’

सर्वांत जास्त मनस्ताप या समजाने होतो. धार येते ती टाकीच्या उंचीमुळे. पाण्याची दहा मीटर उंची म्हणजे सुमारे एक बार दाब. चार मजली इमारतीत तळमजल्यावर गच्चीतल्या टाकीचा एक बारहून थोडा जास्त दाब मिळतो. वरच्या मजल्यावर टाकी नळापासून जेमतेम तीन मीटर वर असते, म्हणजे दाब ०.३ बार. परदेशी बनावटीचे अनेक मिक्सर एक बार किंवा जास्त दाब धरून बनवलेले असतात. आतल्या वाटा अरुंद, ओढून घ्यायच्या तोटीची नळी त्याहून बारीक. वरच्या मजल्यावर असा नळ बसवला, की कळशी भरायला पाच मिनिटं उभं राहा. कमी दाबावर चालतो का, हे विचारून घ्या, नाहीतर मोठ्या भोकाचा साधा नळ घ्या किंवा प्रेशर पंपाचा खर्च आधीच धरा.

अर्ध्या फेऱ्यात उघडणारे सिरॅमिक चकतीचे नळ सहसा गळत नाहीत, हे खरं. पण पावसाळ्यात गढूळ पाण्यातली रेती चकत्यांना ओरखडे पाडते आणि मग आतला भागच बदलावा लागतो. वायसरचा जुना नळ काही रुपयांत गावातला प्लंबर दुरुस्त करतो. जिथे सुटे भाग मिळत नाहीत, तिथे जुनाच बरा.

नळाच्या बुडाशी साचणारा पांढरा थर कॅल्शियमचा. तो लिंबाने किंवा व्हिनेगरने निघतो, मात्र कडप्पा हा चुनखडीच्या जातीचा दगड असल्याने तेच आम्ल त्याची झिलई खातं. म्हणून कडप्प्याच्या ओट्यावर मी भिंतीतल्या नळाच्या बाजूची आहे. दगडाला भोक पडत नाही, बुडाशी पाणी साचत नाही. फक्त नळाची उंची टाइल्स लावण्याआधी, सिंक जागेवर ठेवून आणि त्यात घरातली सर्वांत उंच कळशी उभी करून, भिंतीवर पेन्सिलीने आखून द्यावी लागते.