लिहिलेले आणि केलेले : क्वालिटी मॅन्युअलविषयी

तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाने कारखान्याच्या कागदपत्रांवर बोलावे, हे जरा विचित्रच. आमचा एक जुना विद्यार्थी भोसरीत लहानसे मशीन शॉप चालवतो. गिऱ्हाइकाच्या ड्रॉइंगप्रमाणे सुटे भाग करून द्यायचे, एवढाच धंदा. तो एकदा जाडजूड फाइल घेऊन आला. म्हणाला, "सर, आमचं क्वालिटी मॅन्युअल आहे. तेवढी भाषा नीट करून द्या."

वाचता वाचता ‘डिझाइन नियंत्रण’ असे लांबलचक प्रकरण लागले. आम्ही विचारले, "अरे, तू डिझाइन करतोस कुठे?" तो नुसता हसला. मॅन्युअल दुसऱ्या कुणाचे उतरवून घेतलेले होते! अशा मॅन्युअलची भाषा काय सुधारणार?

आता मानक काय सांगते ते बघू. आयएसओ ९००१ हे १९८७ साली निघाले. त्याच्या २००८ च्या आवृत्तीपर्यंत मॅन्युअल सक्तीचे होते, पण त्यात मागितलेल्या गोष्टी मोजून तीन : व्यवस्थेची व्याप्ती, म्हणजे आपल्याला काय लागू आहे, काय नाही आणि का नाही, कार्यपद्धती किंवा त्या कुठे सापडतील याचा निर्देश, आणि कामे एकमेकांशी कशी जोडलेली आहेत त्याचे वर्णन. दोनशे पानांची फाइल कुणीच मागितली नव्हती. २०१५ च्या आवृत्तीने तर मॅन्युअलची सक्तीच काढली. व्याप्ती, धोरण, उद्दिष्टे लेखी हवीतच, नोंदी जपायच्याच. बाकी किती लिहायचे ते कंपनीचा आकार, कामाची गुंतागुंत आणि माणसांचे कौशल्य यांवर सोडले.

माणसांचे कौशल्य! इथे आमचा विषय येतो. गिल्बर्ट राइल या इंग्रज तत्त्वज्ञाने १९४९ च्या आपल्या ग्रंथात ‘अमुक आहे हे माहीत असणे’ आणि ‘अमुक करता येणे’ यांत फरक केला. कौशल्य म्हणजे नियम आठवून तो पाळणे, असे म्हटले, तर तो नियम नीट कसा लावायचा यासाठी आणखी एक नियम लागेल, त्याच्यासाठी आणखी एक. शेवट नाही. त्या शॉपमधल्या लेथवरच्या काकांना टूल झिजले की आवाजावरून कळते. तो आवाज मॅन्युअलमध्ये कसा लिहिणार? ‘इतके नग झाले की गेज लावून बघा’ एवढे लिहिता येते, आणि तेवढे लिहावेच. आवाज मात्र नव्या पोराने काकांच्या शेजारी उभे राहूनच शिकायचा.

म्हणजे लिहिणे दुय्यम, असे नव्हे हं. याच काकांवर एकदा बालंट आले. गिऱ्हाइकाने ड्रॉइंग बदलले, बोअरचे माप बदलले. नवे ड्रॉइंग ऑफिसात फाइलला लागले. मशीनपाशी जुनेच चिकटवलेले राहिले. अख्खा लॉट परत आला आणि पगारातून कापून घेण्याची भाषा सुरू झाली. काका म्हणाले, "समोर जे लावलं होतं तेच मी केलं." खरेच होते ते. लिहिलेला कागद स्वतःहून बोलत नाही, कितीही विचारा, तेच ते सांगतो, अशी तक्रार प्लेटोच्या ‘फीड्रस’मध्ये सॉक्रेटिस करतो. आपण जुने झालो आहोत, हेही तो कागद सांगत नाही. म्हणून कागदपत्र-नियंत्रण : प्रत्येक पानावर आवृत्तीचा क्रमांक, मंजुरी कुणाची, प्रती कुठे कुठे, आणि जुनी प्रत उचलून आणायची जबाबदारी कुणाची. आमच्या मते अख्ख्या व्यवस्थेत सर्वांत रटाळ आणि सर्वांत नैतिक भाग हाच, कारण चूक माणसाची की कागदाची, ते इथेच ठरते.

त्या दिवशी आम्ही मालकाला एवढेच विचारले, "जुना कागद काढायचा कुणी, हे तुझ्या फाइलमध्ये कुठे आहे?" त्याने पाने चाळली. एक प्रकरण होते, पण त्यात त्याच्या शॉपमध्ये अस्तित्वातच नसलेल्या एका विभागाचे नाव होते. काकांचा पगार कापला गेला नाही. नवे मॅन्युअल मराठीत झाले, अकरा पानांचे. त्यातली चार काकांनी सांगितली आणि आम्ही लिहून घेतली.