ब्रिजमधील पहिली उतारी



ब्रिजचें नांव काढलें कीं पुष्कळांना तो साहेबी क्लबांतला, आपल्या आवाक्याबाहेरचा खेळ वाटतो. वास्तविक तीनशें चार किंवा पांच-तीन-दोन हे खेळ ज्यांनीं लहानपणीं खेळले आहेत त्यांना हुकूम, उतारी, भिडू हे ब्रिजमधले निम्मे शब्द आधींच अवगत असतात. आज मला आपणांशीं त्यांतील एकाच गोष्टीविषयीं बोलावयाचें आहे. ती म्हणजे बचाव करणाऱ्या पक्षाची पहिली उतारी.

१९२५ सालीं हॅरोल्ड व्हँडरबिल्ट या अमेरिकन गृहस्थानें कॉन्ट्रॅक्ट ब्रिजची गुणपद्धति बसविली. तिच्या आधींच्या ऑक्शन ब्रिजमध्यें थोडे हात बोलून अधिक केले तरी ते बाजीच्या हिशोबांत धरले जात. कॉन्ट्रॅक्टमध्यें जितके हात बोलावे तितक्यांचेंच बाजीसाठीं मोल. साहजिकच बोली अगदीं काठोकाठ जाऊं लागली, आणि एका हाताच्या लाभहानीवर सगळा डाव अवलंबूं लागला. हा एक हात पुष्कळदां पहिल्याच पानानें मिळतो किंवा गमावला जातो. आणि तें पान टाकणारा तर सर्वांत अंधारांत असतो. डिक्लेररच्या डावीकडचा गडी आधीं उतरतो, मग डमीचीं पानें उघडीं होतात. उतरणाऱ्यापुढें स्वतःचीं तेरा पानें आणि नुकतीच ऐकलेली बोली, यांवांचून कांहीं नसतें.

परंतु ती बोली कांहीं थोडी बोलत नाहीं! एक उदाहरण घेऊं. प्रतिपक्षानें एक बिनहुकुमी म्हटली, त्याच्या भिडूनें सरळ तीन बिनहुकुमी म्हटली, आणि सगळे थांबले. आपल्या हातांत इस्पिकची दश्शी, नव्वी, पंजी. बदामाची अठ्ठी, तिर्री. चौकटची राणी, अठ्ठी, सत्ती, छक्की, दुर्री. आणि किलवरची नव्वी, सत्ती, तिर्री आहे. जुन्या वळणाचा खेळाडू डोळे मिटून चौकटची छक्की टाकील, कारण लांब रंगांतलें वरून चौथें पान उतरावें हा व्हिस्टच्या काळापासून चालत आलेला नियम आहे.

आतां थोडा हिशोब करूं. एक्क्याचे ४, राजाचे ३, राणीचे २ आणि गुलामाचा १ असे गुण धरले तर सगळ्या डावांत ४० गुण होतात. बिनहुकुमी बोलणाऱ्याकडे १५ ते १७ आणि डमीकडे सुमारें १० धरले, तर त्यांचे २६ झाले. आपल्याकडे अवघे २. म्हणजे भिडूकडे १२ च्या आसपास असलेच पाहिजेत. चौकटचीं लहान पानें मोठ्या कष्टानें उभीं केलीं, तरी तीं खेळण्यासाठीं पुन्हां आपल्या हातांत डाव येणार कसा? एकहि एक्का किंवा राजा जवळ नाहीं. तेव्हां प्रश्न आपल्या लांब रंगाचा नाहीं, भिडूच्या रंगाचा आहे. डमीनें इस्पिक-बदामांची चौकशीहि केली नाहीं. त्याच्याकडे त्यांतील एखाद्या रंगाचीं चार पानें असतीं, तर ती त्यानें बहुधा केली असती. म्हणून भिडूचा लांब रंग इस्पिक किंवा बदाम असण्याचा संभव मोठा, आणि त्यांतहि आपल्याजवळ दश्शी-नव्वीचा आधार इस्पिकचा आहे. इस्पिकची दश्शी हीच येथें योग्य उतारी.

अलीकडे या तर्काला गणकयंत्राचा दुजोरा मिळाला आहे. डेव्हिड बर्ड आणि टॅफ अँथियस यांनीं एकेका हातासाठीं यंत्राकडून हजारों डाव खेळवून घेतले व २०११ आणि २०१२ मध्यें त्यांवर दोन पुस्तकें लिहिलीं. अशा बोलीवर इस्पिक किंवा बदाम, प्रसंगीं आंखूड असले तरीहि, लांब चौकट-किलवरपेक्षां सरस ठरतात, असें त्यांना आढळलें. मात्र यंत्राचा कौल डोळे झांकून घेऊं नये, असें माझें मत आहे. यंत्राला चारहि हात दिसत असतात. त्याचा डिक्लेरर कधीं फसत नाहीं, आणि त्याच्या भिडूला उतारीवरून कांहीं ओळखावें लागत नाहीं.

आपल्या भिडूला मात्र ओळखावें लागतें, आणि चौथ्या पानाचें खरें महत्त्व तेथें आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रॉबर्ट फॉस्टर यानें अकराचा नियम दाखवून दिला. भिडूनें चौथें पान उतरलें असेल, तर त्या पानाचा आंकडा अकरांतून वजा करावा. बाकी राहील तितकीं त्याहून वरचीं पानें उरलेल्या तीन हातांत मिळून असतात. यांत जादू कांहीं नाहीं. एक्का चौदावा धरला तर छक्कीच्या वर आठ पानें होतात, आणि त्यांतलीं तीन उतरणाऱ्याकडेच आहेत. समजा, भिडूनें बदामाची छक्की उतरली. डमींत राणी, नव्वी, तिर्री आहे आणि आपल्याकडे एक्का, दश्शी, सत्ती. अकरांतून सहा गेले, पांच उरले. तीं पांचहि आपल्या डोळ्यांपुढें आहेत! मग डिक्लेररकडे छक्कीवर एकहि बदाम नाहीं. डमीनें तिर्री टाकली तर आपली सत्तीच हात जिंकते, आणि एक्का राणीवर दबा धरून राहतो.

हुकुमाच्या बोलीवर न्याय निराळा. तेथें लांब रंग उभा करण्यास सवड नसते, कारण दुसऱ्या-तिसऱ्या फेरीस कोणीतरी हुकूम मारतोच. राजा-राणी-गुलाम अशी सांखळी असेल तर राजा उतरावा, त्यांत फारसें विचार करण्यासारखें नाहीं. एक्का जवळ असून त्याच रंगाचें लहान पान मात्र सहसा उतरूं नये. डिक्लेररकडे एकटा राजा असला तर तो हात घेऊन जातो, आणि आपला एक्का पुढें हुकुमाखालीं मरतो. एकेरी पान उतरण्याचा मोह सर्वांनाच होतो. आपल्या हातीं लहान हुकूम आणि भिडूकडे बळ असेल तर तो मोह रास्त आहे. पण हुकुमाची राणी, गुलाम, दश्शी आपल्याकडे असतां तो हात मुळीं आपलाच होता, हुकूम मारून नवें काय मिळविलें? डिक्लेररनें दोन रंग बोलून दाखविले, डमीनें दुसरा पसंत केला, आणि पहिल्यांत आपण बळकट असलों, तर हुकूमच उतरावा. डमीच्या हुकुमांनीं त्या रंगाचीं पानें मारण्याचा त्यांचा बेत तेवढ्यानें लंगडा पडतो.

भिडूला अपेक्षित उतारी स्वतःच सुचवितां येते, असाहि एक प्रसंग आहे. बारा-तेरा हातांच्या बोलीवर भिडूनें डब्बल दिली, तर थिओडोर लाइटनर यानें १९२९ मध्यें काढलेल्या संकेताप्रमाणें तिचा अर्थ ‘नेहमींची उतारी नको’ असा होतो. बहुधा डमीनें प्रथम बोललेला रंग त्याला हवा असतो, किंवा एखादा रंग त्याच्याकडे मुळींच नसतो.

आणि शेवटीं एक व्यवहाराची गोष्ट. स्पर्धांतून पहिलें पान पालथें टाकण्याची रीत आहे. उतरण्याची पाळी भलत्याचीच असल्यास तें उचलून घेतां येतें, आणि भिडूला बोलीविषयीं कांहीं विचारावयाचें असल्यास तें त्यानें पान पालथें असतांनाच विचारावें. मग पान उताणें करावें, आणि डमीनें आपला हात मांडावा.