'मसाज' हा शब्द आला कुठून? आणि तो तुमच्या पहिल्या चॅप्टरमध्ये काय करतोय?



सिनॉप्सिस लिहायला बसलं की पहिल्या पानावर एक वाक्य जवळजवळ आपोआप उमटतं. 'अमुक हा शब्द मूळ ग्रीक तमुक शब्दापासून आला आहे.' मीही ते लिहिलं होतं. माझा विषय दिवसभर उभं राहून काम करणाऱ्यांच्या पोटरीचे स्नायू आणि त्यावर मसाजचा परिणाम. तेव्हा सुरुवात अर्थातच 'मसाज' शब्दाच्या उगमाने. एका वाक्यात मी ग्रीक, अरबी, फ्रेंच आणि संस्कृत अशा चार भाषा बसवल्या होत्या. संस्कृत शब्द होता 'माकेह', अर्थ 'हलके दाबणे'. खाली पाठ्यपुस्तकाचा रेफरन्सही होता.

प्रेझेंटेशनला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी आकडेवारीबद्दल काही विचारलंच नाही. एवढंच विचारलं, "हा संस्कृत शब्द तुम्ही कोणत्या कोशात पाहिलात?" मी म्हटलं, पुस्तकात आहे. ते म्हणाले, "पुस्तकात आहे ते दिसतंय. कोशात आहे का?"

नव्हता. घरी येऊन शोधला, नाहीच मिळाला. माझ्या पाठ्यपुस्तकाने दुसऱ्या पाठ्यपुस्तकाचा हवाला दिला होता आणि त्या दुसऱ्याने कुणाचाच नाही. आणि गंमत बघा, मराठी माध्यमात शाळेत संस्कृत शिकलेल्या मुलीला 'माकेह' हे रूपच संस्कृतसारखं दिसत नाही, हे आधी खटकायला हवं होतं. अंग रगडण्या-चेपण्यासाठी संस्कृतात मर्दन आहे, संवाहन आहे, तेल लावून करायचं ते अभ्यंग आहे. 'मृच्छकटिक' नाटकात तर संवाहक नावाचं पात्रच आहे: अंग चेपून देण्याचा धंदा करणारा, जुगारात बुडालेला आणि शेवटी बौद्ध भिक्षू झालेला. एवढे शब्द हाताशी असताना मी इंग्रजी पुस्तकातला 'माकेह' उचलला.

आता तुमच्यातला कुणी हुशार म्हणेल, अगं, मराठीत 'माखणे' आहे की! ते संस्कृत 'म्रक्षण' वरून आलंय, म्हणजे 'माकेह' तिथूनच बिघडून आला असेल. मलाही त्या रात्री अगदी हेच सुचलं आणि फार आनंद झाला. पण आवाज जुळला, अर्थ जवळ आला, एवढ्याने नातं सिद्ध होत नाही. तो शब्द एका भाषेतून दुसरीत कुणी, कधी, कुठल्या वाटेने नेला हे दाखवावं लागतं. ते माझ्याकडे नव्हतं, म्हणून सोडून दिलं.

मग खात्रीने काय सांगता येतं? इंग्रजीने 'मसाज' फ्रेंचमधून घेतला, तोही बऱ्यापैकी उशिरा, १९व्या शतकाच्या उत्तरार्धात. फ्रेंचमध्ये त्याच्यामागे एक क्रियापद आहे. उच्चार साधारण 'मासे', हसू नका. इथपर्यंत वाद नाही. वाद आहे तो हे 'मासे' फ्रेंचमध्ये कुठून आलं यावर.

एक मत अरबीचं. तिथे 'मस्स' म्हणजे स्पर्श करणे, हाताळणे. या मतासोबत एक कथा येते की नेपोलियनचं सैन्य इजिप्तला गेलं, तिथल्या हमामांमध्ये त्यांनी हा प्रकार पाहिला आणि शब्द घेऊन परत आले. दुसरं मत पोर्तुगीजचं. तिथे 'आमासार' म्हणजे पीठ मळणे. ते आलं लॅटिन 'मासा' वरून, म्हणजे कणकेचा गोळा, आणि त्याच्याही मागे ग्रीक. म्हणजे पाठ्यपुस्तकातला ग्रीक शब्द अगदीच हवेतला नाही, पण तो फार तर पणजोबा आहे. ग्रीकांकडून थेट आपल्या फिजिओथेरपी विभागात आलेला नाही. या दुसऱ्या मतानुसार फ्रेंचांना हा शब्द मिळाला तो भारतात.

ऐकायला दोन्ही पटतात. स्पर्शावरून चोळण्याकडे अर्थ सरकू शकतो. पिठावरून अंगाकडेही सरकू शकतो. आपल्याकडे पाट्यावर वाटण रगडतात आणि तालमीत पैलवानाचं अंगही रगडतात. म्हणून नुसत्या अर्थावरून निकाल लागत नाही. इथे तारखा लागतात.

आणि तारखांमध्ये एक मजेशीर माणूस सापडतो. गियोम ल झाँती, फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ. १७६१ साली शुक्राचं सूर्यावरून होणारं अधिक्रमण पाहायला तो पाँडिचेरीला निघाला. वाटेत असतानाच पाँडिचेरी इंग्रजांनी घेतली आणि अधिक्रमणाच्या दिवशी हा भर समुद्रात, हलत्या जहाजावर. मोजमाप कसलं करणार! पुढचं अधिक्रमण १७६९ मध्ये होतं, म्हणून पठ्ठ्या हिंदी महासागराच्या परिसरातच थांबला. या वेळी पाँडिचेरीत वेधशाळा उभारून तयारीत बसला आणि नेमक्या वेळी आभाळ भरून आलं. १७७१ मध्ये फ्रान्सला परतला तर तिथे त्याला मृत समजून अकादमीतली त्याची जागा दुसऱ्याला दिलेली. (तुमचा डेटा या आठवड्यात खराब आला असेल तर हा परिच्छेद परत वाचा.)

या माणसाने आपल्या प्रवासाचं दोन खंडांचं पुस्तक लिहिलं. पहिला खंड १७७९ चा. फ्रेंच कोशकार 'मासे' या क्रियापदाच्या सर्वांत जुन्या छापील वापरासाठी याच पुस्तकाकडे बोट दाखवतात.

आता नेपोलियनची इजिप्तवरची मोहीम कधीची? १७९८. म्हणजे सैनिकांनी शब्द आणला म्हणतात, त्याच्या १९ वर्षं आधी तो भारताच्या प्रवासवर्णनात छापून झालेला होता. कथा संपली.

पण सावकाश. संपली ती नेपोलियनची कथा, अरबी मत संपलं नाही. अरबी शब्द फ्रेंचमध्ये यायला नेपोलियनच लागतो असं थोडंच आहे? दुसरीकडे, भारताच्या किनाऱ्यावर त्या काळी पोर्तुगीजची मोडकीतोडकी बोली व्यापाराची भाषा म्हणून चालायची, त्यामुळे १७७९ चा पुरावा भारताच्या वाटेला बळ देतो. आपण नाही का पाव, चावी, बटाटा त्यांच्याकडून घेतले! बळ देतो म्हणजे सिद्ध करतो असं नाही. मला स्वतःला पोर्तुगीज मत जास्त पटतं, पण थिसिसमध्ये मी 'व्युत्पत्ती वादग्रस्त आहे' असंच लिहिलंय आणि दोन्ही मतं दिली आहेत.

बरं, हा शब्द यायच्या आधी इंग्रज लोक मसाजला काय म्हणत होते? शाम्पू! हिंदी 'चाँपना', म्हणजे दाबणे, त्यावरून. आपण ज्याला डोक्याची चंपी म्हणतो, तीच. १८व्या शतकात इंग्रजीत शाम्पू म्हणजे अंग रगडणं. पाटण्यात जन्मलेले शेख दीन मुहम्मद यांनी ब्रायटनला शाम्पूची स्नानगृहं चालवली, १८२२ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं आणि ते राजा चौथ्या जॉर्जचे 'शाम्पूइंग सर्जन' झाले. पुढे १८६० च्या सुमारास तो शब्द केस धुण्याकडे गेला. म्हणून जुने इंग्रजी लेख शोधताना फक्त 'मसाज' हा कीवर्ड टाकलात तर हे सगळं साहित्य तुमच्या हातून सुटेल. माझं सुटलं होतं.

आता मूळ मुद्दा, ज्यासाठी हे एवढं लिहिलं. मसाजवरच्या प्रयोगांमध्ये कंट्रोल ग्रुपला बऱ्याचदा काय देतात? 'हलका स्पर्श'. लॉस एंजेलिसच्या सीडर्स-सिनायमधला २०१० चा एक अभ्यास बघा: ५३ निरोगी प्रौढ, एका गटाला ४५ मिनिटं स्वीडिश मसाज, दुसऱ्याला तेवढाच वेळ हलका स्पर्श. म्हणजे 'मसाज म्हणजे मूळ अरबीत स्पर्श' असं पहिल्या चॅप्टरमध्ये लिहून तिसऱ्यात स्पर्शाला 'मसाज नसलेला' गट ठरवलंत, तर तुमच्याच व्याख्येने तुमचा कंट्रोल ग्रुप मसाज घेतोय. माझ्या सिनॉप्सिसमध्ये अगदी हेच झालं होतं. परीक्षकांचा पुढचा प्रश्न तोच होता आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. शब्दाच्या जन्मावरून व्याख्या ठरत नाही. माझ्या प्रयोगात मसाज म्हणजे काय हे मलाच ठरवायचं होतं: हाताचा कोणता भाग, किती दाब, कोणत्या दिशेने, किती मिनिटं, तेल की कोरडं.

ते ठरवल्यावर संमतिपत्र मराठीत करायची वेळ आली आणि परत तोच घोळ. 'मसाज' लिहिलं तर काहींना पार्लर आठवतं. 'मालिश' फारसीतून आलेला, पण आपल्याकडे मालिश म्हटलं की तेल आलंच, आणि माझ्या प्रयोगात तेल नाही. गाईड म्हणाल्या, "शब्द शोधू नकोस, काय करणार ते लिही." मग लिहिलं: 'गुडघ्याखाली पोटरीचा भाग तेल न लावता हाताने दाबणे व मळणे, प्रत्येक पायाला १० मिनिटे.'

साडीच्या दुकानात काम करणाऱ्या एका काकूंनी ते दोनदा वाचलं आणि सही करता करता विचारलं, "म्हणजे पाय चेपून देणार ना गं?"

हो, काकू.