मुलगा की मुलगी : दोष कोणाचा?

घरात दुसरी वा तिसरी मुलगी जन्मली की आजही काही कुटुंबांत सुनेलाच बोल लावला जातो. जीवशास्त्राचा हिशेब मात्र निराळा आहे.

मानवी पेशीत गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात. त्यांपैकी २२ जोड्या स्त्री-पुरुषांत सारख्याच असतात. तेविसावी जोडी स्त्रीमध्ये सामान्यतः ‘एक्स-एक्स’, तर पुरुषामध्ये ‘एक्स-वाय’ असते. बीजपेशी तयार होताना प्रत्येक जोडीतील एकच गुणसूत्र पुढे जाते. त्यामुळे स्त्रीबीजात ‘एक्स’च असते, शुक्राणूंपैकी सुमारे निम्म्यांत ‘एक्स’ आणि निम्म्यांत ‘वाय’ असते. ‘वाय’ हे ‘एक्स’पेक्षा बरेच लहान, तरीही शुक्राणू घडताना ही विजोड जोडी टोकांच्या छोट्या भागांपुरती एकमेकांना जुळते आणि मग विलग होते. ‘वाय’वरील ‘एसआरवाय’ हे जनुक गर्भात वृषणांची घडण सुरू करते. १९९० साली त्याची ओळख पटली.

या ज्ञानाचा पाया अमेरिकी संशोधिका नेटी स्टीव्हन्स यांनी १९०५ मध्ये पिठातील किड्यांच्या अभ्यासातून घातला.

म्हणजे अपत्याचे लिंग पित्याच्या शुक्राणूवरून ठरते; पण कोणता शुक्राणू पोहोचेल, हे पित्याच्याही हाती नसते. आधी कितीही मुली झाल्या, तरी पुढच्या खेपेस शक्यता पुन्हा जवळजवळ समसमानच. गर्भलिंगनिदानाला १९९४ च्या कायद्याने बंदी आहे. सुनेला दोष देणे थांबवायला मात्र कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही.