आधी दोरी, मग रॉड

फ्लाय फिशिंगचं सामान घ्यायला निघालेल्या माणसाचा हात दुकानात पहिल्यांदा रॉडकडे जातो. कार्बन फायबरचा रॉड हलवून बघता येतो आणि बहुधा तोच सगळ्यांत महाग असतो. तेव्हा मुख्य वस्तू हीच, असं वाटणं साहजिक आहे. पण या प्रकारात निवड उलट्या टोकाकडून करावी लागते. नेहमीच्या गळाला शिसं किंवा जड आमिष असतं. ते भिरकावलं की बारीक दोरी त्याच्यामागे जाते. फ्लाय म्हणजे गळावर पिसं आणि दोरा गुंडाळून बनवलेला खोटा किडा. लहान फ्लायचं वजन ग्रॅमभरही भरत नाही, ती फेकून लांब जाणारच नाही. म्हणून इथे वजन दोरीतच घातलेलं असतं. फेकायची ती दोरी. फ्लाय तिच्यामागून जाते. रॉडवर छापलेला आकडाही खरं तर दोरीचाच. पाच नंबरच्या दोरीच्या पुढच्या 30 फुटांचं वजन 140 ग्रेन, म्हणजे साधारण 9 ग्रॅम. आठ नंबरच्या दोरीचं 210 ग्रेन, म्हणजे साडेतेरा ग्रॅमच्या आसपास.

हिमाचलच्या कुल्लू जिल्ह्यातली तीर्थन नदी घ्या. पाणी गार, नितळ, दगडगोट्यांतून वाहणारं. इथला ब्राऊन ट्राउट इंग्रजांच्या काळात बाहेरून आणून सोडलेला. त्याचं पोट भरतं मुख्यतः दगडांखालच्या अळ्यांवर आणि पाण्यावर उतरणाऱ्या किड्यांवर. त्यामुळे फ्लाय 14 किंवा 16 नंबरची (गळाचा नंबर वाढतो तसा गळ लहान होतो), तिच्यामागे टोकाला जेमतेम 0.15 मिलिमीटर जाडीचं टिपेट (फ्लाय बांधायचा बारीक धागा) आणि दोरी चार किंवा पाच नंबरची. जड दोरी पाण्यावर आपटली की मासा दगडाआड गेलाच म्हणून समजा. ‘ओढा लहान म्हणून रॉड आखूड’ हा सल्लाही सरसकट पाळण्यासारखा नाही. काठावर झाडं झुकलेली असतील तिथे तो बरोबर आहे. पण दगडांमधल्या खळग्यांत अळीसारखी फ्लाय बुडवायची असेल, तर लांब रॉडनेच दोरी मधल्या प्रवाहाच्या वर उचलून धरता येते. रिळाचं काम इथे दोरी गुंडाळून ठेवण्यापुरतंच. त्यावर फार पैसे घालू नयेत.

कुमाऊंत पंचेश्वरला शरयू कालीला मिळते, तिथे गणित पार बदलतं. इथल्या महसीर माशाच्या जबड्यात दात नसतात, पण घशातले दात कच्चा गळ सहज मोडतात. त्याच्यासाठीची फ्लाय बोटाएवढी, वजन घातलेली आणि भिजल्यावर आणखी जड होणारी. पाच नंबरची दोरी ती वळवूच शकत नाही. आठ किंवा नऊ नंबर लागतो. गळाला लागलेला मासा प्रवाहाच्या दिशेने सुटतो आणि तीसेक मीटरची दोरी बघता बघता संपते. म्हणून मागे दीड-दोनशे मीटर बॅकिंग (दोरीमागे जोडलेली जादा बारीक दोरी) आणि न अडखळणारा ब्रेक असलेलं रीळ हवंच.

आपल्या कोकणच्या खाडीतला जिताडाही आठ-नऊ नंबरच्याच दोरीवर धरायचा, पण कारण वेगळं: खाडीवरचा वारा. त्यात उष्णतेत गार पाण्यासाठीची दोरी लिबलिबीत होते, जिताड्याच्या कल्ल्यांची धार बारीक टिपेट कापते आणि खारं पाणी साध्या रिळाला गंजवतं. आकडा तोच, सामान मात्र निराळं.

खाडीवरचा माणूस जिवंत कोळंबी लावून साध्या दोरीने जिताडा काढतोच की, मग हा खटाटोप कशाला? मासा घरी न्यायचा असेल तर त्याचंच बरोबर आहे. फ्लायच वापरायची असं ठरवल्यावरच हे सगळे प्रश्न सुरू होतात. सहा किंवा सात नंबरचा एकच रॉड सगळीकडे चालवावा, हा सल्ला खिशाच्या दृष्टीने रास्त वाटतो. तो चालतोही, पण दोन्हीकडे तडजोड करून: ट्राउटच्या बारीक टिपेटला लागणारा लवचीकपणा त्यात कमी पडतो आणि महसीरच्या फ्लायला लागणारा जोर पुरत नाही. एकाच पाण्यावर जाणार असाल तर त्या पाण्याचंच सामान घ्यावं.

हलक्या सामानावर मोठा मासा धरण्यातच खरी मजा, असं म्हणणारेही पुष्कळ आहेत. मला हा आक्षेप सगळ्यांत लंगडा वाटतो. सोनेरी महसीर धोक्यात आलेल्या जातींच्या यादीत आहे, आणि लोणावळ्याजवळ वळवणला टाटा पॉवरच्या केंद्रात गेली कित्येक दशकं महसीरचं बीज तयार केलं जातं, ते उगाच नाही. असा मासा पकडून परत सोडायचा असतो. सामान हलकं असेल तर झुंज लांबते, मासा पुरता दमतो आणि पाण्यात सोडल्यावरही मरू शकतो. गरम पाण्यात प्राणवायू कमी, त्यामुळे धोका आणखी वाढतो. पाणी 20 अंशांच्या वर गेलं की ट्राउटच्या वाटेला जाऊच नये. म्हणून दोन नंबरांत मन अडलं तर वरचा घ्यावा आणि गळाचा उलटा काटा पकडीने दाबून टाकावा.