धम्मसेवेला नेपाळात जाताय? डोंगर चढण्याआधी एवढं वाचा



आपल्या वस्त्यांमधून नेपाळला जायचं म्हणजे आजवर धम्मसहल. रेल्वेने गोरखपूर, तिथून सोनौलीची सीमा, मग लुंबिनी. वंदना, फोटो आणि परतीचा प्रवास. आता मुलंमुली वेगळा प्रश्न विचारतात. तिकडच्या विपश्यना केंद्रात किंवा विहारात दहा-पंधरा दिवस सेवा करायची आणि मग हिमालयात पायी फिरून यायचं, हे आपल्याला जमेल का?

जमेल. भारतीयाला नेपाळसाठी व्हिसा लागत नाही. पासपोर्ट किंवा निवडणूक ओळखपत्र चालतं. लुंबिनीत आणि काठमांडूच्या बुढानीलकंठ भागात आचार्य गोयंकांच्या परंपरेची विपश्यना केंद्रं आहेत. एक दहा दिवसांचं शिबिर पूर्ण केलेल्यालाच तिथे धम्मसेवक होता येतं. सेवकाला स्वयंपाक, झाडलोट, घंटा, साधकांची व्यवस्था ही कामं असतात. राहणं-जेवण केंद्रात, पैसे घेत नाहीत. म्हणजे खर्च मुख्यतः प्रवासाचा. ही वाट श्रीमंतांचीच राहिलेली नाही.

ही देवाणघेवाण नवीही नाही. इंग्लंडचे लोकमित्र १९७८ पासून पुण्यात राहून धम्मकार्य करू लागले. त्यांच्याच संघातल्या एक इंग्रज नर्स आणि एक डॉक्टर १९८० च्या दशकात पुण्याजवळच्या दापोडीत (आपली दापोली नव्हे) येऊन वस्तीतल्या बायाबापड्यांचं आणि लेकरांचं आरोग्य पाहू लागले. ते इथे आले, तसं आपल्या मुलांनी तिकडे का जाऊ नये? जावं. पण सेवा संपवून डोंगराकडे वळताना शरीराचा हिशेब आधी करावा.

उंचीवर काय होतं?

बुरोंडी, लाडघर, कोळथरे या किनाऱ्यावर वाढलेलं पोर दमाला कमी नसतं. होडी ओढतं, माडावर चढतं, दापोलीचा चढ हसत चढतं. पण त्याच्या शरीराला सवय समुद्रसपाटीच्या हवेची. हवेतला ऑक्सिजनचा वाटा सगळीकडे सारखाच, सुमारे २१ टक्के. मात्र वर जावं तसा हवेचा दाब कमी होतो आणि एका श्वासात ऑक्सिजन कमी मिळतो. ३,५०० मीटरवर तो समुद्रसपाटीच्या सुमारे दोन तृतीयांश उरतो, ५,५०० मीटरवर निम्मा.

शरीर या हवेला जुळवून घेतं, पण त्याला दिवस लागतात. काठमांडू सुमारे १,४०० मीटरवर आहे. तिथे बहुतेकांना काही होत नाही. त्रास साधारण २,५०० मीटरच्या वर सुरू होतो. पोखरा ८०० मीटरच्या आसपास आणि मुक्तिनाथ सुमारे ३,७०० मीटरवर. जीपने माणूस एक-दोन दिवसांत तिथे पोहोचतो. गाडी पोहोचते, शरीर मागे राहतं. एव्हरेस्टच्या वाटेवरचा तेंगबोचे विहार तर ३,८०० मीटरच्याही वर आहे.

लक्षणं ओळखा

वर पोहोचल्यावर सहा ते बारा तासांत डोकं दुखणं, मळमळ, भूक न लागणं, चक्कर, झोप न येणं. ही उंचीच्या आजाराची पहिली पायरी. उंचीवर डोकं दुखू लागलं, तर दुसरं कारण सापडेपर्यंत तो उंचीचाच त्रास समजायचा. त्या रात्री आणखी वर जायचं नाही. आराम करून उतरलं तर ठीक. वाढलं तर खाली यायचं.

पुढच्या दोन गोष्टी जिवावर बेतणाऱ्या आहेत. एक, फुप्फुसात पाणी भरणं. बसल्या जागी धाप लागते, खोकला येतो, कधी गुलाबी फेस पडतो. दुसरी, मेंदूला सूज. माणूस झिंगल्यासारखा चालतो, असंबद्ध बोलतो. संशय आला तर त्याला टाचेला बोट लावत सरळ रेषेत चालायला सांगा. तोल गेला की सकाळची वाट पाहू नका. रात्र असली तरी त्याला धरून खाली आणा. खाली उतरणं हाच मुख्य उपचार. ऑक्सिजन आणि औषधं मिळाली तर घ्यावीत, पण त्यांच्या भरवशावर वर थांबू नये.

चढताना पाळायचे नियम

३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची जागा एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वर न्यायची नाही. दर तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच मुक्कामी काढायचा. दारू आणि झोपेच्या गोळ्या वर्ज्य. ॲसिटाझोलामाइड नावाची गोळी उंचीच्या त्रासावर देतात, पण डॉक्टरांना विचारूनच. सल्फा औषधांची ॲलर्जी असेल तर ते आधी सांगायचं. गरोदर बाईने इतक्या उंचीवर जाऊ नये.

पहिल्यांदाच जाणाऱ्यांनी बुढानीलकंठच्या वरचा शिवपुरीचा डोंगर चढावा. माथा २,७३२ मीटर. दिवसात वर जाऊन रात्री झोपायला खाली येता येतं. एकट्याने मात्र जाऊ नये, वाट माहीत असलेला माणूस सोबत घ्यावा. सराव इथेच करा. जायच्या आधी दोन महिने आठवड्यातून तीन दिवस पाठीवर ओझं घेऊन चढ चढा. एखाद्या रविवारी पन्हाळेकाजीच्या लेण्यांपर्यंत चालत जा. सरावाने पाय तयार होतात. उंचीची सवय मात्र त्याने होत नाही, ती वर गेल्यावरच होते.

रक्त तपासूनच निघा

हिमोग्लोबिन कमी असेल तर शरीरात ऑक्सिजन वाहून नेणारी गाडीच लहान. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांना रक्तक्षय आढळला. म्हणून मुलींनी तीन महिने आधी हिमोग्लोबिन तपासावं. १२ च्या खाली असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रातून लोहाच्या गोळ्या सुरू कराव्यात. त्या तिथे मोफत मिळतात.

दुसरी तपासणी सिकलसेलची. हा दोष विदर्भात आदिवासी आणि आपल्या बौद्ध समाजात बराच आढळतो. आज सोयरिकी विदर्भापासून कोकणापर्यंत जुळतात, म्हणून कुणीच 'आमच्यात नाही' असं गृहीत धरू नये. यात लाज वाटण्यासारखं काही नाही. जिथे हिवताप फार होता तिथे हा गुण टिकला, कारण एका पालकाकडून तो मिळालेल्याला गंभीर हिवतापापासून काही संरक्षण मिळतं. तो रक्तातला वारसा आहे, जातीचा डाग नव्हे.

दोन्ही पालकांकडून दोष आलेला (एसएस) माणूस रुग्ण असतो. त्याने तज्ज्ञ डॉक्टरांच्या परवानगीशिवाय उंच डोंगर चढू नये. एकाकडूनच आलेला (एएस) वाहक असतो. तो एरवी धडधाकट असतो, त्यामुळे त्याला पत्ताच नसतो. कमी ऑक्सिजन, पाण्याची कमतरता आणि अतिश्रम एकत्र आले की वाहकाच्याही प्लीहेचा रक्तपुरवठा तुटू शकतो. डाव्या बाजूला बरगड्यांखाली जोराची कळ येते. गॅस म्हणून दुर्लक्ष करू नये, लगेच खाली उतरून दवाखाना गाठावा. सरकारने २०२३ मध्ये सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू केलं आहे. तपासणी कुठे होते ते जिल्हा रुग्णालयात विचारा. पहिली सोल्युबिलिटी चाचणी सदोष आली तर इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी करून खात्री करा.

सेवेच्या ठिकाणी

लुंबिनी तराईत आहे, सखल आणि डासांची. मच्छरदाणी न्या, पाणी उकळलेलंच प्या. काठमांडूच्या स्वयंभूवर माकडं फार. माकड किंवा कुत्रा चावला, ओरबाडलं, तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करा. रोजच्या गोळ्या आणि डॉक्टरांची चिठ्ठी हातातल्या पिशवीत ठेवा. इथली सरकारी आरोग्य कार्डं तिथे चालत नाहीत. उंचावरून हेलिकॉप्टरने आणायचं झालं तर खर्च लाखांत जातो. म्हणून उंचीवरची पदयात्रा धरणारा प्रवास विमा काढा. साध्या विम्यात ती बहुतेकदा नसते.

घरच्यांनाही एक विनंती. मुलीला 'परदेश, डोंगर, एकटी' म्हणून अडवू नका. केंद्राचा पत्ता, जबाबदार व्यक्तीचा फोन, सोबत कोण, कुठल्या दिवशी कुठे मुक्काम, हे लिहून मागा आणि ठरलेल्या दिवशी फोन आला नाही तर काय करायचं तेही ठरवा.

आणि मुलांनो, त्रास लपवू नका. 'आपण कमी पडलो असं दिसेल' या भीतीने डोकेदुखी दडवून पुढे चालणारेच जास्त अडचणीत येतात. धर्मांतरानंतर महिन्याभरातच, नोव्हेंबर १९५६ मध्ये, बाबासाहेब जागतिक बौद्ध परिषदेसाठी काठमांडूला गेले. प्रकृती खालावलेली होती, तरी गेले, आणि सोबत डॉक्टर असलेल्या माईसाहेब होत्या. आजारी माणसाने काळजी घेणाऱ्याला बरोबर घेऊन जाणं हा भित्रेपणा नाही. जोडीदाराला रोज सकाळ-संध्याकाळ विचारा: डोकं दुखतंय का, जेवलास का, झोप लागली का? तीनपैकी एक उत्तर वाईट आलं, तर त्या दिवशी वर चढू नका.