भोपाळच्या तलावाचा उथळ काठ

भोपाळला आलेला पाहुणा बडा तालाब पाहतो तो बहुधा बोट क्लबवरून. पक्षी पाहायचे असतील, तर हिवाळ्यातल्या सकाळी पश्चिमेला बिशनखेडीकडे जावं. तिथे बांधीव काठ नाही. शेत संपतं, गवत लागतं, मग चिखल, मग घोटाभर पाणी.

अकराव्या शतकात राजा भोजाने कोलांस नदी अडवली आणि हा तलाव झाला, असं मानतात. २००२ साली बडा आणि छोटा तालाब मिळून ‘भोज पाणथळ’ म्हणून आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेले. भरल्या तलावाचं पाणी पावसाळ्यानंतर हळूहळू उतरतं आणि दर आठवड्याला चिखलाचा नवा पट्टा उघडा पडतो. त्यात अळ्या, किडे, गोगलगायी असतात. पक्ष्यांचं खरं ताट ते हेच.

या ताटावर जागा ठरते पायांच्या आणि चोचीच्या मापाने. इवलासा टिलवा ओल्या चिखलात टोचत फिरतो, लांब गुलाबी पायांचा शेकाट्या थोडा पुढे पाण्यात. चमचा पक्षी चपटी चोच अर्धवट उघडून पाण्यात डावी-उजवीकडे फिरवतो. आत काही लागलं की चोच मिटते. खोल पाण्यात लालसरी बुडी मारून पाणवनस्पती खाते.

मुग्धबलाकाकडे मात्र निवांत पाहत बसावं. या करकोच्याची चोच मिटली तरी मधे फट राहते. या फटीत धरून तो गोगलगाय फोडत असेल, असं पूर्वी वाटायचं. प्रत्यक्षात तो खालच्या चोचीचं टोक शंखाच्या झाकणाखाली घालतो आणि मांस बाहेर ओढतो. पिल्लांच्या चोचीला ही फट नसते, ती वाढीबरोबर येते.

सप्टेंबर २०२३ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने इथल्या क्रूझ आणि मोटारबोटी बंद करायला सांगितलं, ते योग्यच झालं. मला जास्त काळजी वाटते ती काठाची. सुशोभीकरणाच्या नावाखाली उभी भिंत घातली, की उतार जातो आणि उथळ पाणीही. टिलव्याला, शेकाट्याला तिथे उभं राहायला जागाच उरत नाही. उन्हाळ्यात कोरडी दिसणारी जमीन रिकामी समजून भराव टाकला, तरी परिणाम तोच. तलावाची हद्द मे महिन्यात मोजून चालणार नाही. ती ऑगस्टमध्ये, तलावावरच्या भदभदा धरणाचे दरवाजे उघडायची वेळ येते तेव्हा पाणी जिथवर पोहोचतं, तिथे आखायला हवी.